चाळीस फुटांवरची मुदतवाढ

मंगळवार, दुपार

तीर्थरूप मामा,

आपल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. यातला ‘साष्टांग’ हा शब्द एरवी सवयीने लिहिला जातो, पण या खेपेला तो अक्षरशः खरा आहे. गेले तीन दिवस मी गादीवर पालथा पडून आहे आणि हे पत्रही त्याच अवस्थेत, छातीखाली उशी घेऊन लिहितो आहे. तेव्हा ओळी उताराला लागलेल्या दिसल्या तर समजून घ्यावं. आपली तब्येत ठीक असेल, गुडघे फार त्रास देत नसतील, रक्तदाबाची गोळी वेळेवर चालू असेलच. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. म्हणजे सौ. सुखरूप आहे, आणि मी आहे.

तर पालथं का पडावं लागलं ते सांगतो. मी झाडावर चढलो होतो. हे वाक्य वाचून तुम्ही चष्मा पुसाल आणि पुन्हा वाचाल, म्हणून मीच पुन्हा लिहितो. मी, तुमचा भाचा, वय एकोणसाठ वर्षं दहा महिने, अपघात दावे विभागातला वरिष्ठ लिपिक, झाडावर चढलो होतो. पूर आलेला नव्हता, कुत्रं मागे लागलेलं नव्हतं. ठरवून, अर्ज भरून, आपल्या पायांनी चालत जाऊन चढलो.

तुम्ही याच विमा कंपनीत उभी हयात घालवलीत, त्यामुळे झाड या वस्तूबद्दल आपल्या विभागाचं मत काय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. लोकांना झाड दिसलं की सावली आठवते, मला फॉर्म आठवतो. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून तीनशेच्या वर माणसं झाडावरून पडली. कुणाची फांदी वाळकी निघाली, कुणाचा पाय शेवाळावरून सटकला, कुणावर मधमाश्या उठल्या, कुणी शेजारणीचं मांजर उतरवायला चढलं. (ते मांजर विमेदाराच्या आधीच खाली उतरलं होतं. ‘मांजराच्या बाबतीत अर्जदाराने थोडा धीर धरायला हवा होता’ हा तुमचा शेरा आजही नव्या माणसांना पहिल्या दिवशी दाखवला जातो.) इतक्या लोकांचं पडणं बारकाईने वाचल्यावर माणसाने झाडाकडे पाहून लांबून नमस्कार करावा. मी तेच करत आलो होतो.

पण सौ.ने हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांची घाई, रडणं, ओरडणं, आणि ‘अहो, कुणीतरी उचला की’ हे ऐकायचं, आणि प्रत्येकाला योग्य खोलीत नेऊन सोडायचं. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने दुकानातून एक लांबट निळी वही आणली आणि तीत शांत जागांची यादी करायला घेतली. मी एकदा ती चाळली होती. नावं होती, अंतरं होती, कुठे कोणत्या महिन्यात जावं हे होतं, आणि समासात जागोजागी लिहिलं होतं, ‘हे घरी बसले की’. (हे म्हणजे मी. बसले की म्हणजे निवृत्त झाले की. मी मिटवून परत जागेवर ठेवली.)

महिन्यापूर्वी तिने वाचनालयातून एक पत्रक आणलं. ‘संथ पर्यटन. एक दिवस, एक झाड.’ मला ती कल्पना मनापासून आवडली. एका दिवसात सात ठिकाणं दाखवणाऱ्या सहली मी केल्या आहेत, त्यांत चौथ्या ठिकाणापासून मी बसमधून उतरत नाही. इथे दिवसभर एकच ठिकाण, तेही जागचं न हलणारं. माझ्या डोळ्यांपुढे झाडाखाली अंथरलेली चटई, उघडलेला डबा आणि मग जमेल तेवढी झोप असं चित्र उभं राहिलं. मी लगेच सही केली. पत्रकाच्या खाली दोन ओळी बारीक अक्षरात होत्या. (एकतीस वर्षं मी लोकांना विचारत आलो, ‘बारीक अक्षर का वाचलं नाहीत?’ आता मला उत्तर माहीत आहे. ते बारीक असतं म्हणून.)

शनिवारी सकाळी आम्ही तिथे पोचलो. गावाबाहेर एक जुना बंद पडलेला विटांचा कारखाना आहे, त्याच्या मागच्या आवारात ते झाड. नाव सांगितलं होतं, शास्त्रीयही आणि साधंही, पण मी त्या वेळी त्याची उंची बघत होतो त्यामुळे दोन्ही लक्षात राहिली नाहीत. बुंध्याला मिठी मारायची तर चार माणसं लागतील. फांद्या आपल्याकडच्या जिन्यापेक्षा रुंद. आणि त्या फांद्यांवरून दोर लोंबत होते. मी सौ.ला म्हटलं की कुणीतरी झोपाळे बांधलेले दिसतायत. ती बुटांच्या नाड्या घट्ट करू लागली.

झाडाची व्यवस्था बघणाऱ्या बाई पूर्वी दातांच्या डॉक्टर होत्या. एकोणीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून पाहिल्यावर, जरा मान वर करून बघता येईल असं काहीतरी करावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. बाई हुशार आणि झाडावर जीव लावणाऱ्या. त्या झाडाला एकही खिळा मारत नाहीत. फांदीला दोर घासून साल निघू नये म्हणून तिथे एक जाड आवरण बसवतात. (माझ्या मांड्यांसाठी असं कुठलंही आवरण नव्हतं. मी पालथा आहे तो त्यामुळे.) एका फांदीवर पिवळी फीत बांधलेली होती, तिकडे जायचं नाही, कारण वर एक पक्षीण अंडी उबवत होती. मी लगेच म्हटलं की एवढ्या नाजूक प्रसंगी आपण सगळ्यांनीच खाली थांबलेलं बरं. त्यावर त्या हसल्या आणि माझ्या कमरेभोवती पट्टे आवळू लागल्या. ‘आता थोडंसं दाबल्यासारखं होईल,’ असं म्हणाल्या. ही सवय जात नाही म्हणे.

त्याआधी एक अर्ज होता. अपघात झाल्यास कुणाला कळवायचं, या रकान्यात मी सौ.चं नाव लिहिलं आणि तिने माझं. बाईंनी दोन्ही अर्ज परत केले. म्हणाल्या, तुम्ही दोघंही वर असणार, जमिनीवरचं कुणीतरी द्या. म्हणून आम्ही दोघांनीही तुमचा नंबर दिला. तुम्हाला फोन आला नसेल तर सगळं सुरळीत झालं असं समजा.

आमच्याबरोबर आणखी एक जण होते, शहात्तर वर्षांचे, निवृत्त बस कंडक्टर. त्यांची ही पाचवी खेप. चढायची रीत ऐकायला सोपी आहे. दोराला एक सरकती गाठ असते, ती वर सरकवायची, मग पायातल्या फासात उभं राहायचं, मग पट्ट्यात बसायचं, पुन्हा गाठ सरकवायची. म्हणजे मामा, शाळेत ज्या शिक्षा म्हणून काढल्या त्या उठाबशा, फक्त हवेत, आणि सुटीच्या दिवशी, स्वखुशीने. कंडक्टर काका माझ्या शेजारच्या दोराने सरसर गेले. जाताना म्हणाले, ‘पुढे चला, मध्ये थांबू नका.’ त्यात टोमणा नव्हता, चाळीस वर्षांचं वाक्य होतं, आपोआप आलं. सौ. त्यांच्या मागून गेली. अठ्ठावीस वर्षं एका खुर्चीत बसलेली बाई अशी वर गेली की जणू कुणी वरून तिचं नाव पुकारलं होतं. मी जमिनीपासून सहा फुटांवर होतो आणि बुंध्यावरच्या मुंगळ्यांच्या रांगेला वाट देत होतो. त्या रांगेतले सगळे माझ्यापुढे गेले.

पंचवीस फुटांवर पहिली मोठी फांदी आहे. तिथे मी कसा पोचलो ते मला सांगता येणार नाही, कारण डोळे मिटलेले होते. पण पोचलो. फांदीवर बसलो, दोर ताठ आहे हे सात वेळा पाहिलं, आणि मग डोळे उघडले. मामा, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पानांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी खाली येत होतं, वारा आला की ती सगळी फांदी आम्हाला घेऊन अगदी सावकाश हलायची, आणि कारखान्याच्या पत्र्यावर एक कुत्रं झोपलेलं होतं ते वरून एवढंसं दिसत होतं. फोन खालीच एका डब्यात जमा केलेले. सौ. माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती आणि तिचा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता असा दिसत होता. कानावर काहीच नाही म्हटल्यावर माणसाचं कपाळ केवढं मोकळं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा पुढे झाला.

कंडक्टर काकांनी सहज विचारलं, तुम्ही अजून नोकरीत का. मी काही म्हणायच्या आत सौ.च म्हणाली, दोनच महिने राहिले. आणि मग ती बोलत सुटली. कुठल्या टेकडीवर आधी जायचं, कुठल्या तळ्याकाठी भाड्याने खोली मिळते, असली झाडं आणखी कुठे आहेत. ती कधी इतकं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी फांदीच्या सालीवरची एक रेघ नखाने कोरत होतो. काका थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले की माणूस निवृत्तीच्या नावाने असा गप्प झाला की एक तर त्याचा पैसा अडकलेला असतो, नाही तर त्याने मुदतवाढ घेतलेली असते. त्यांनी स्वतः दोनदा घेतली होती. एवढं बोलून त्यांनी आपली झोळी फांदीला अडकवली, तीत आडवे झाले आणि झोपले. माझ्या घराला काडी लावली आणि झोपले.

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. घरी असतो तर मी पेपर उघडला असता. संडासात गेलो असतो. कोपऱ्यावरून दूध आणतो म्हणून निघालो असतो. पंचवीस फुटांवर, कमरेला दोर बांधलेल्या माणसाला यातलं काही करता येत नाही.

‘घेतलीत?’ तिने विचारलं.

‘घेतली,’ मी म्हटलं. ‘दोन वर्षांची. पाच आठवडे झाले.’

‘बरं,’ ती म्हणाली.

मामा, हा ‘बरं’ तुम्ही ऐकलेला नाही. बोर्डावर एखादा माणूस फार ओरडायला लागला की ती हाच ‘बरं’ म्हणायची आणि वायर काढून टाकायची. तिने गाठ वर सरकवली, फासात उभी राहिली, आणि उठाबशा काढत वरच्या फांदीकडे निघून गेली. चाळीस फुटांवर. पाठ माझ्याकडे.

तुम्हाला आठवत असेल, ती मुदतवाढ मीच तुमच्यामागे लागून मागितली होती. तुमच्या घरी येऊन दोन तास बसलो होतो आणि शेवटी तुम्ही वैतागून साहेबांकडे शब्द टाकलात. तुम्ही मला विचारलं होतं, घरी सांगितलंयस का. मी म्हटलं होतं, हो तर. ते खोटं होतं. (ही कबुली मी इथे मध्येच घालतो आहे, कारण पत्राच्या शेवटी असली वाक्यं फार डोळ्यांत भरतात.)

दंतवैद्य बाई खाली उभ्या होत्या. त्या म्हणाल्या की तुम्ही पहिल्याच खेपेला आहात, तुमच्यासाठी ही फांदी पुरे, वर जायची सक्ती नाही. मला हेच वाक्य ऐकायचं होतं, आणि ते ऐकूनही मी गाठ वर सरकवली. का, ते मला अजून कळलेलं नाही. मी काही शूर झालो नव्हतो. पण एकतीस वर्षांत मी बायकोच्या पाठीमागे कधी गेलो नव्हतो, नेहमी ती परत येईपर्यंत थांबलो होतो. इथे थांबलो असतो तर ती उतरताना माझ्या शेजारून सरकन खाली गेली असती, आणि मग घरी जाऊन आम्ही पुढची दोन वर्षं एकमेकांना चहा नेऊन देत बसलो असतो.

पंधरा फूट चढायचे होते. पाऊण तास लागला. त्यातले पहिले नऊ फूट मी चढलो, आणि दहाव्याला माझ्या शर्टाचा सोगा त्या सरकत्या गाठीत शिरला. शर्ट खोचा, असं बाईंनी बजावलं होतं. खोचला होता, पण एकोणसाठ वर्षं दहा महिन्यांचं पोट कुठलाही शर्ट खोचलेला ठेवत नाही. गाठ आवळली गेली. वर जाईना, खाली येईना. आणि पायातला फासही निसटला, तेव्हा मी दोराला नुसता लोंबत राहिलो आणि हळूहळू गोल फिरायला लागलो. एक फेरी साधारण तुमचं नाव-पत्ता लिहून होईल एवढ्या वेळात पुरी व्हायची. त्यात एकदा कारखान्याची चिमणी दिसायची, मग आवारातलं फाटक, मग बुंधा, आणि मग वर फांदीवर बसलेली सौ. मग पुन्हा चिमणी.

बाई खालून म्हणाल्या, हलू नका, मी येते. मी हलतच नव्हतो, फिरत होतो. आणि मला वाटलं, आता बोललं नाही तर पुन्हा बोलणार नाही. तेव्हा दर फेरीला सौ. समोर आली की एक वाक्य, असं मी बोलायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत म्हटलं की मला तुला सांगायचं होतं. दुसऱ्या फेरीत म्हटलं की भीती वाटली. तिसऱ्या फेरीत ती म्हणाली, ‘कसली?’ पण तोवर मी फाटकाकडे तोंड करून होतो, तेव्हा मी ते फाटकालाच सांगितलं. घरी मी काय करणार. ऑफिसात कुणीतरी दार ढकलून आत येतं आणि विचारतं, हे कलम काय म्हणतं. मला येतं तेवढं एकच. घरी मला गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते येत नाही. तुझ्या वहीत मी सगळीकडे आहे, पण मी तिथे जाऊन करणार काय, तू शांत बसणार आणि मी शेजारी बसून तुझी शांतता बिघडवणार. हे सगळं फाटक, बुंधा आणि चिमणी यांच्यात वाटलं गेलं. तिच्या वाट्याला फक्त ‘शांतता बिघडवणार’ एवढंच आलं असावं.

पुढच्या फेरीला ती फांदीवर पालथी पडून खाली वाकलेली होती. तिने हात लांब करून माझा दोर धरला आणि माझं फिरणं थांबवलं.

‘मला विचारलं असतंत,’ ती म्हणाली, ‘तर मी कदाचित हो म्हटलं असतं. वर्षभर खिडकीत बसून वाट बघितली, आणखी दोन बघितली असती. पण मला न विचारता माझी दोन वर्षं तुम्ही साहेबांना देऊन आलात.’

यावर मला काही कलम सुचलं नाही. मी म्हटलं, ‘चुकलो.’ मग म्हटलं, ‘नको म्हणून कळवतो.’

‘ते खाली उतरल्यावर सांगा,’ ती म्हणाली. ‘लोंबकळताना माणूस काहीही कबूल करतो.’

एवढ्यात दंतवैद्य बाई दुसऱ्या दोराने माझ्या शेजारी आल्या. त्यांनी मला डोकं मागे टाकायला सांगितलं, एक दोर जास्तीचा अडकवला, आणि कंबरेच्या पिशवीतून कात्री काढून माझ्या शर्टाचा सोगा बेंबीपर्यंत कापला. ऑफिसचा चांगला शर्ट होता तो. (चांगला शर्ट घालून का गेलो, तर पत्रकात ‘आरामदायक कपडे’ लिहिलं होतं आणि मला ऑफिसच्याच कपड्यांत आराम वाटतो. आता हे वाक्य लिहिल्यावर मला सौ.चं म्हणणं जास्त पटतंय.) गाठ सुटली. मी फासात पाय घातला आणि उरलेले पाच-सहा फूट चढून वरच्या फांदीशी पोचलो, पोट उघडं, हेल्मेट एका कानावर, श्वास भात्यासारखा. सौ. फांदीवर वीतभर बाजूला सरकली.

त्या वीतभर जागेत मी दोन तास बसलो होतो. आम्ही एक अक्षर बोललो नाही. खालून काकांचं घोरणं ऐकू यायचं. पिवळ्या फितीच्या फांदीवरची ती पक्षीण एकदा उठली, अंड्यांवर नीट फिरून पुन्हा बसली, आणि तिचा जोडीदार आला तर तिने त्याला शेजारी टेकू दिलं नाही, त्याच्या चोचीतलं तेवढं घेतलं. मी हे सौ.ला दाखवणार होतो, मग विचार बदलला. थोड्या वेळाने मला कळलं की मी शेजारी बसलोय आणि तिची शांतता बिघडलेली नाही. हे करायला मला काही येण्याची गरजच पडली नव्हती.

उतरणं अगदी सोपं असतं, नुसतं गाठीवर हात ठेवून सरकायचं. मी चाळीस फूट एखाद्या सरदारासारखा उतरलो, जमिनीवर पाय टेकले, सगळे पट्टे काढले, बाईंचे आभार मानले, आणि वळून पहिलं पाऊल टाकताना झाडाच्या मुळावरून अडखळून पडलो. घोटा मुरगळला. आपल्या नियमांप्रमाणे हा झाडावरून पडण्याचा दावा होत नाही. जमिनीवरून जमिनीवर पडण्याचा होतो, आणि तसले दावे मी आजवर एकूणएक नाकारलेले आहेत.

तर मामा, अशी ही संथ सहल. घोट्याला पट्टी आहे, मांड्यांना मलम आहे, आणि उताणा झोपायला अजून दोन दिवस लागतील असं डॉक्टर म्हणतात. यातून मी एवढंच शिकलो की बारीक अक्षर वाचावं, शर्ट आखूड घालावा आणि झाड हे खालूनच बघावं. यापुढे कुणी माझ्यापुढे झाडाचं नाव काढलं तर मी खोली सोडून जाणार आहे, अर्थात घोटा बरा झाल्यावर. आपण तब्येतीला जपावं. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर तुमचा म्हणून पोटात घालावा.

आपला,
पालथा भाचा

ता. क. एक छोटीशी विनंती राहिली. मुदतवाढ नको असं पत्र मी शनिवारीच संध्याकाळी लिहून काढलं आहे. सौ.ने ते वाचलं, एक काना दुरुस्त केला, आणि परत दिलं. ते सध्या माझ्या छातीखालच्या उशीत आहे. पण ज्या माणसासाठी तुम्ही शब्द टाकलात त्यानेच जाऊन तो शब्द परत करायचा, हे मला बरं दिसत नाही. शिवाय साहेब रागावले तर. तेव्हा तुम्हीच त्यांना एक फोन करून, भाच्याची प्रकृती हल्ली बरी नसते, त्याला झेपणार नाही, असं काहीतरी सांगाल का? वाटल्यास झाडाचा उल्लेख करू नये. हे एवढं काम होतं, त्यासाठी प्रस्तावना थोडी लांबली.

ता. क. दुसरा, शुक्रवार. फोन करू नये. हे तुमचं पत्र पोस्टात पडायचं राहिलं होतं (सौ. म्हणाली, ‘पोस्टात मी टाकीन, पण तुम्ही आधी ऑफिसात जाऊन या’). काल लंगडत गेलो आणि साहेबांच्या हातात उशीतलं ते नकाराचं पत्र दिलं. वाटेत तीन जिने मी वाक्यं पाठ करत चढलो. साहेबांनी पत्र वाचलं, उभे राहिले, आणि माझा हात इतका वेळ हलवला की मला वाटलं काहीतरी बक्षीस मिळालंय. तुमचा शब्द मोडवेना म्हणून त्यांनी ती मुदतवाढ दिली होती. माझं टेबल त्यांनी केव्हाच एका नव्या मुलीला देऊन टाकलं होतं आणि माझ्यासाठी झेरॉक्स मशीनच्या मागची जागा बघून ठेवली होती. पाच आठवडे हे मला कसं सांगावं या चिंतेत त्यांना झोप नव्हती. निघताना त्या मुलीने मला थांबवून एका कलमाचा अर्थ विचारला. मी सांगितला. तिने संगणकावर बघितलं आणि म्हणाली, बरोबर आहे की. तर सगळं चांगल्यासाठीच झालं, आणि माझी उणीव कंपनीला जाणवू नये याची कंपनीने फार आधीपासून काळजी घेतलेली आहे. पहिला ता. क. वाचून तुम्ही लगेच फोन केलाच असेल तर कृपया पुन्हा करून नुसती त्यांची खुशाली विचारावी.

ता. क. तिसरा, सौ.कडून. मामांना नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. यात खोटं फारसं काही नाही. शेवटचे पाच-सहा फूट मात्र बाईंनी ह्यांना वरून ओढून घेतलं, आणि खालून काका उठून ढकलत होते. ते असो. ह्यांनी एवढी पानं स्वतःवर लिहिली आणि तुमची चौकशी दोन ओळींत उरकली, म्हणून मी लिहिते आहे. मामींना जाऊन आठ महिने झाले. फोनवर विचारलं की तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणता. अठ्ठावीस वर्षं मी फोनवर ‘ठीक आहे’ ऐकलं आहे, त्यातलं कुठलं कसं असतं ते मला कळतं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा त्या झाडाकडे जातो आहोत. (हे स्वतः ते तुमच्याजवळ कबूल करणार नाहीत. ह्यांनी आपला अर्ज माझ्याआधी भरून दिला आहे.) तिसरा अर्ज तुमच्या नावाचा आहे. तुमच्या गुडघ्यांचं बाईंना सांगितलं आहे, त्या म्हणाल्या, दोराच्या खुर्चीत बसायचं, आम्ही वर घेऊ, नुसतं बसायला गुडघे लागत नाहीत. वर कुणी तुम्हाला काही विचारणार नाही, बोललं नाही तरी चालतं. अर्जात फक्त तुमचं वजन भरायचं राहिलं आहे, ते एका ओळीत कळवा, आणि खरं कळवा, दोर त्यावर ठरतो. सकाळी सातला आम्ही दाराशी येऊ. नाही म्हणायला फोन करणार असाल तर मी उचलणार नाही.